थर्मामीटर आधी, गळ नंतर

वाचकांचे प्रश्न : लेक सुपीरियर, मासे आणि गारठा

मागच्या अंकात मी लेक सुपीरियरच्या काठावरच्या एका सकाळीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी एक अख्खा भाग त्यालाच दिला. आधीच सांगते, मी या विषयातली पंडित नाही. सरोवराच्या पश्चिम टोकाला, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथमध्ये राहून २६ वर्षं झाली, प्रयोगशाळेतली नोकरी संपली आणि आता बर्फ वितळल्यापासून पडेपर्यंत मी काठावर असते. हातात एक रॉड, खिशात दोरी बांधलेला थर्मामीटर आणि एक वही. वहीत तारीख, वारा, पाण्याचं तापमान आणि मिळालेले मासे. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा शून्य असतं. पण निम्म्या पत्रांचं उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे.

मुलगा मिनियापोलिसला असतो. आम्ही दोघं जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे येतोय. तुमचं तळं बघायची फार इच्छा आहे. उन्हाळाच असणार, तर साधे कपडे पुरतील ना? आणि एक दिवस पुरे का?

काका, काकू, जरूर या. पण त्याला तळं म्हणू नका, मला राग येत नाही, बिचाऱ्या शब्दाची दमछाक होते. ८२,००० चौरस किलोमीटर पाणी आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा चौथा हिस्सा भरून वर थोडं उरेल. लांबी ५६३ किलोमीटर, सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. पृष्ठभागाच्या हिशेबात जगात यापेक्षा मोठं गोड्या पाण्याचं सरोवर नाही.

आता कपडे. एवढं पाणी तापायला वेळ लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत ४ किंवा ५ अंश सेल्सियस असतं. (इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात. कोणी "चाळीस" म्हणालं की खूश होऊ नका, ते आपले साडेचार.) मुलाच्या घरून निघाल तेव्हा अंगाला घाम असेल. अडीचशे किलोमीटर गाडी चालवून डुलुथच्या टेकडीवरून खाली उतरायला लागलात की काच खाली करा. दहा-बारा अंशांचा फरक हाताला लागेल. इथल्या हवामानाच्या अंदाजात "तळ्यापाशी गार" हे शब्द जवळजवळ रोज असतात.

माझ्या सासूबाई एका जूनमध्ये कॉटनची साडी आणि चपला घालून आल्या. कॅनॉल पार्कला तो उचलणारा पूल आहे, १९०५ सालचा, पुढे १९३० च्या सुमारास त्याचा रस्ताच वर उचलला जाईल अशी व्यवस्था केली. त्याखालून तीनशे मीटर लांबीची जहाजं हातभर अंतरावरून जातात असं वाटतं. जहाज भोंगा देतं, पूल उलट भोंगा देतो, पोरं टाळ्या पिटतात. सासूबाईंनी हे सगळं माझ्या गाडीत, हीटर लावून, काचेवरची वाफ पदराने पुसत पुसत पाहिलं. नंतर भारतात सगळ्यांना सांगितलं की फार सुंदर आहे, पण बाहेर उतरू नका.

तेव्हा स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, पायात बूट. आणि तारीख हातात असेल तर सप्टेंबरमध्ये या. पाणी ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्येच काय ते ऊबदार असतं. एक दिवसात फक्त पूल होईल. दोन दिवस काढा, ६१ नंबरच्या रस्त्याने गूसबेरीचे धबधबे आणि स्प्लिट रॉकचं दीपगृह करा. १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळात इतकी जहाजं फुटली की ते बांधावं लागलं. १९१० साली दिवा लागला आणि १९६९ ला कायमचा विझवला. आता वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पेटवतात. त्याचं कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

दोन दिवस खडकावर उभा राहून गळ टाकला. हात दुखून आले, एक मासा नाही. जुलैचा शेवट होता, लख्ख ऊन, पाणी अगदी आरशासारखं. ताई, या पाण्यात मासे खरंच आहेत का?

आहेत. तू दिलेल्या वर्णनातच ते का मिळाले नाहीत ते आहे, वाचता वाचता मी हसले.

लेक ट्राउटला साधारण १० अंशांचं पाणी आवडतं, कोहो साल्मनला त्याहून किंचित ऊबदार. जुलैअखेरीस काठचं पाणी ऊन खाऊन १७-१८ ला पोचतं. वरचं गरम पाणी हलकं, ते तिथेच तरंगत राहतं, आणि मासे खालच्या गार थरात निघून जातात, वीस-तीस मीटर खाली. तू वरच्या मजल्यावर घंटी वाजवत होतास आणि बिऱ्हाड तळघरात होतं.

काठावरून मासेमारीचे खरे दिवस दोन. एक, बर्फ गेल्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. तेव्हा उलटं असतं: नदीचं पाणी सरोवरापेक्षा दोन-तीन अंशांनी ऊबदार, म्हणून सगळी हालचाल नद्यांच्या मुखाशी. नदी चार-पाच अंशांवर आली की रात्री स्मेल्ट नावाचे बोटभर चंदेरी मासे अंडी घालायला वर चढतात. ते हातात घेतले तर कापलेल्या काकडीचा वास येतो, खोटं नाही. लोक पार्क पॉइंटच्या वाळूवर छातीपर्यंत पाण्यात उभे राहून जाळी ओढतात. त्या स्मेल्टच्या मागे ट्राउट आणि साल्मन काठाला येतात. लेस्टर, फ्रेंच, नाइफ या नद्यांची मुखं पाहा. दुसरे दिवस पानगळीचे, पाणी पुन्हा निवल्यावरचे.

पण भर उन्हाळ्यातही एक संधी असते आणि मला ती सगळ्यात आवडते. वारा जमिनीकडून सुटला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी काठाशी वर येतं. हे एका रात्रीत होतं. एका ऑगस्टची नोंद वहीतून उतरवते: "२० तारीख, संध्याकाळ, १८ अंश, पोरं पोहतायत. २१ तारीख, सकाळी सहा, ८ अंश, पोरं नाहीत. दोन कोहो." मी तेव्हा थर्मामीटर दोनदा झटकून परत बुडवला होता, बिघडला की काय म्हणून. डुलुथच्या बाजूला ईशान्येचा वारा असेल तर नेमकं उलट होतं. ऊबदार पाणी आणि मोठ्या लाटा दोन्ही आपल्या अंगावर. त्या दिवशी घरी बसून भजी तळावीत.

सामान फार लागत नाही. वीस-पंचवीस ग्रॅमचा चमच्याच्या आकाराचा धातूचा गळ, ज्याला सगळे स्पून म्हणतात. चंदेरी-निळा नाहीतर नारिंगी. फेकल्यावर लगेच रीळ गुंडाळू नकोस, दहापर्यंत मोज, बुडू दे. मग सावकाश ओढ, मधेच थांब. मासा बहुधा त्या थांबण्यातच येतो. वेळ उजाडण्याआधीची.

उन्हाळ्यात तुझ्या लाइनवर ओल्या कापसासारखा चिकट बोळा जमेल, त्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके. घाण नाही ती. ते काटेरी शेपटीचे पाणपिसू, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, आणि ते ठिपके म्हणजे त्यांचे डोळे. शेपट्या एकमेकांत अडकून गुंता होतो आणि रॉडच्या टोकाच्या कडीत तो अडकला की रीळ फिरतच नाही. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर परदेशातून आले, सुपीरियरमध्ये १९८७ साली दिसले. नखाने काढायचे आणि लाइन पूर्ण वाळवूनच दुसऱ्या तळ्यावर न्यायची. होडीतलं पाणीही निघण्याआधी काठावरच सोडायचं, इथे तो कायदा आहे.

नात्यातले पाहुणे आलेत. त्यांनी गंमत म्हणून एकदा रॉड धरला तर लायसन्स लागतं का?

लागतं. गंमतीलाही लागतं. सोळा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, पाहुण्यांना राज्याबाहेरच्यांचं. ते एका दिवसाचंही मिळतं, फोनवर पाच मिनिटांत. सुपीरियरवर वर्षाच्या लायसन्सला ट्राउट-साल्मनचा वेगळा स्टॅम्प जोडावा लागतो. किती मासे ठेवायचे आणि लेक ट्राउट कधी बंद, हे नियमपुस्तकात दरवर्षी छापतात, ते वाचा. "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य लायसन्स तपासणाऱ्या वॉर्डनने मराठीसकट सगळ्या भाषांत ऐकलेलं असतं.

सेलमध्ये दोन माणसांची हवा भरायची रबरी होडी स्वस्तात मिळाली. नवरा म्हणतो पाणी शांत असेल तेव्हा जरा आत जाऊन येऊ. जाऊ का?

नाही.

एवढं लिहून थांबणार होते, पण नवऱ्याला वाचून दाखवायला कारणं हवीत. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं त्याचा इथे तीन आकड्यांचा हिशेब शिकवतात: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, माणूस धापा टाकतो, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटांनी दोरीही धरता येत नाही. शुद्ध हरपायला तासभर. म्हणजे लोक बहुतेक वेळा गारठून मरत नाहीत, त्याआधीच बुडतात, पोहता येत असूनही. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच तो तास तुमच्या वाट्याला येतो. सीटखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे कपाटात ठेवलेली छत्री.

आणि "शांत पाणी". आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर या पाण्यावर मासे धरत होते. एका जूनमध्ये ते मला नाइफ रिव्हरहून त्यांच्या अठरा फुटी होडीत घेऊन गेले. एक लाट नाही, पाण्यावर तेल ओतल्यासारखं. अर्ध्या तासात धुकं आलं. जमिनीवरची गरम दमट हवा पाच अंशांच्या पाण्यावर सरकली की दुसरं काय होणार? मला माझ्या रॉडचं टोक दिसेना. आजोबांनी इंजिन बंद केलं, मला वाटलं बिघडलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. ते ऐकत होते. बऱ्याच वेळाने डावीकडून खडकावर पाणी आपटल्याचा आवाज आला, मग त्यांनी होकायंत्र गुडघ्यावर ठेवलं आणि चालण्याच्या वेगाने आम्ही परतलो. ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत. धक्क्याला लागल्यावर थर्मासमधली कॉफी ओतताना त्यांचा हात हलत होता, तेव्हा मला कळलं की तेही घाबरले होते.

१० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं जहाज लोहखनिजाच्या गोळ्या भरून या सरोवरातून जात होतं. लांबी २२२ मीटर. वादळात बुडालं, २९ माणसं गेली, एकही देह मिळाला नाही. इतक्या गार पाण्यात देह कुजून फुगत नाही, म्हणून वर येत नाही. दीपगृहाचा दिवा त्या संध्याकाळी यासाठी लावतात. तुमची होडी अडीच मीटरची आहे.

आत जायचंच असेल तर परवानाधारक कॅप्टनची चार्टर होडी घ्या. चौघांत खर्च वाटला जातो, शिवाय तीस मीटर खालचे मासे तिथेच मिळतात. चार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेला बांधून खाली सोडतात, तुमची लाइन त्याला चिमट्याने अडकवलेली. रॉड वाकून धनुष्यासारखा ताणलेला असतो. मासा लागला की चिमटा सुटतो आणि रॉड एकदम ताठ उभा राहतो, त्या क्षणी सगळी होडी ओरडते. परतल्यावर मासे साफ करून देतो त्या मुलाच्या हातात बक्षिसी ठेवायला विसरू नका.

रबरी होडी परत घेत नसतील तर अंगणात पाणी भरा. पोरं खूश होतील.

चार्टरवर मिळालेल्या लेक ट्राउटच्या पोटाजवळ नाण्याएवढी गोल जखम होती, कडेला दातांचे ठसे. बायकोने फेकून दिला. बरोबर केलं का?

अरेरे. तेवढा भाग कापून टाकायचा, बाकीचा मासा चांगलाच होता. आणि तो मासा वाचलेला होता, याचं मला जास्त वाईट वाटतंय.

ती खूण लॅम्प्रेची. दिसायला वाम माशासारखा लांबुडका, पण जबडाच नाही. तोंड म्हणजे दातांची गोल चकती. तो माशाला चिकटतो, मधल्या खरखरीत जिभेने भोक पाडतो आणि रक्त पीत राहतो. मोठेपणीच्या साधारण वर्ष-दीड वर्षात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. मूळचा अटलांटिक समुद्रातला. नायगाराचा धबधबा त्याच्या वाटेत भिंत होऊन उभा होता. जहाजांसाठी वेलंड कालवा काढला आणि भिंतीला दार मिळालं. १९३८ मध्ये तो सुपीरियरमध्ये पोचला. त्यात भर माणसांच्या बेसुमार मासेमारीची. १९५० चं दशक संपेपर्यंत काठच्या कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली. शेजारचे आजोबा तेव्हा तरुण होते. त्यांच्या वडिलांनी होडी विकली आणि खनिजाच्या गोदीत कामाला लागले.

उपाय सापडला तो माझ्यासारख्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या बाईला फार आवडतो, कारण त्यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त आहे. लॅम्प्रेची पिल्लं नद्यांच्या गाळात काही वर्षं पुरून घेऊन राहतात, तिथेच त्यांना गाठायचं ठरलं. बरण्यांमधून एकामागून एक हजारो रसायनं तपासली, लॅम्प्रे मरेल पण ट्राउट जगेल असं काहीतरी शोधायला. टीएफएम नावाचं एक मिळालं, १९५८ पासून सुपीरियरच्या नद्यांत सोडायला लागले. ते काम अजून चालू आहे. कोविडच्या साथीच्या काळात २०२० आणि २१ मध्ये जरा ढिलाई झाली तर लॅम्प्रे लगेच वाढले. २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रेट लेक्स फिशरी कमिशनने, म्हणजे या सरोवरांतले मासे सांभाळणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या संस्थेने, सुपीरियरच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पूर्ववत झाल्याचं जाहीर केलं. आजोबा त्याआधीच गेले.

या गार पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. हातभर लांबीचा लेक ट्राउट तुमच्या शाळकरी मुलाच्या वयाचा असू शकतो. खाणार असाल तेवढेच ठेवा, बाकीचे पाण्यातच सोडा.

मासा कापला तर नुसतं तेल! रस्सा केला, वर बोटभर तवंग. आमचं काय चुकलं?

बहुधा तुम्हाला सिस्कोवेट मिळाला. लेक ट्राउटचाच भाऊबंद, शंभर मीटरच्या खाली राहणारा आणि भयंकर चरबीचा. त्या चरबीमुळे त्याला खोल पाण्यात वरखाली तरंगणं सोपं जातं. त्याचा रस्सा कोणाच्या हातचा चांगला होणार नाही, माझ्या आईच्याही नाही. धुरावर भाजून खातात. पण जुन्या चरबीत नको ती रसायनं साठतात, म्हणून कातडं आणि पोटाची चरबी काढूनच खा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर कोणता मासा महिन्यातून किती वेळा याचा राज्य आरोग्य विभागाचा तक्ता आधी बघा.

तळायला हेरिंग घ्या. तो खरा हेरिंग नव्हे, सिस्को आहे, पण नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांना घरची आठवण झाली आणि नाव चिकटलं. पांढरं, हलकं मांस, रव्यात घोळवून तळलं की कुणाला फरक सांगता येत नाही. नोव्हेंबरात त्याची नारिंगी गाबोळी निघते, ती बरीचशी स्कँडिनेव्हियाला जाते. एकदा तरी मिळवा.

हिवाळ्यात सुपीरियरच्या बर्फावर बसून मासेमारी करता येते का?

काही जण करतात. मी करत नाही. आतल्या छोट्या तळ्यांवर स्वच्छ नव्या बर्फाची दहा सेंटीमीटर जाडी माणसाला चालण्यापुरती धरतात, तिथे मीही बसते. सुपीरियरचा बर्फ काठाला बांधलेला नसतो. वायव्येचा वारा सुटला की अख्खा पत्रा माणसांसकट आत निघतो, मग तटरक्षक दलाची धावपळ. जाडी मोजून उपयोग नाही, वारा मोजावा लागतो.

मी दहा वर्षांचा आहे. मला मासे नको, अगेट पाहिजे. कसे शोधायचे?

शाब्बास. अगेट म्हणजे तांबडे-नारिंगी पट्टे असलेला दगड. ११० कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांमध्ये तो तयार झाला. लाल रंग लोखंडाचा. १९६९ पासून तो मिनेसोटाचा राज्यरत्न आहे.

सकाळी लवकर जा, वादळाच्या दुसऱ्या दिवशी तर नक्कीच. सूर्याकडे तोंड करून पाण्याच्या कडेकडेने चाल, ओल्या खड्यांवर नजर ठेव. साधे दगड चमकतात, अगेट आतून पेटल्यासारखा दिसतो, जसा तुझा कान उन्हात लाल दिसतो तसा. सापडला की जिभेने ओला करून बघ, आईला सांगू नकोस. स्टेट पार्कमध्ये मात्र उचलायला मनाई आहे, तिथे फक्त बघायचं. माझा सगळ्यात मोठा सुपारीएवढा आहे, २६ वर्षांत. तुला त्याहून मोठा मिळाला तर कळव, आणि त्या दिवशी पाण्याचं तापमान किती होतं तेही लिही.